यादी लहान कर

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. ‘दुर्लक्षित कॉमिक चित्रकार’ असं शीर्षक, खाली भलीमोठी रांग, आणि प्रत्येक नावासमोर ‘अफाट’, ‘जबरदस्त’, ‘काळाच्या पुढचा’ यांपैकी एक विशेषण. मेहनत दिसते. पण वाचून संपली तरी एकाही माणसाचं एकही चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. लेखमाला त्यासाठीच करायची आहे ना? मग आधी यादी लहान कर. पाच-सहा नावं पुष्कळ झाली. आणि यादीत अमेरिका-जपान फिरून आलीस ते ठीक, पण वाटेत पुणं-मुंबई कशी लागली नाही?

मुलांच्या ‘टिंकल’मधला सुपंडी राम वाईरकरांचा. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा. कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. राज कॉमिक्सच्या नागराजचा १९८६मधला पहिला अंक संजय अष्टपुत्र्यांनी काढला, पुढचे बरेच प्रताप मुळीकांनी. भोकालवर दिलीप कदमांचा हात होता. सगळी नावं आपल्याच पाटीवरची. तरी तुझ्या वर्गात विचार, पात्रं सगळ्यांना ठाऊक असतील, माणसं कुणालाच नाहीत. दलाल, फडणीस, सरवटे ही नावं मराठी घरात पाठ असतात, कारण दिवाळी अंकात चित्राच्या कोपऱ्यात सही असते आणि अंक वाचणारा मोठा माणूस असतो. इथे काम गाजलं इंग्रजी-हिंदीत, वाचणारं पोर दहा वर्षांचं, आणि मुखपृष्ठावर नाव नायकाचं. आतल्या पानावर बारीक अक्षरात चित्रकार छापलेला असला तरी ते पोर गोष्टीवर उडी मारणार. त्यात त्याचा दोष नाही. आपण मोठे झाल्यावरही मागे वळून ते पान उघडलं नाही, हा मात्र आपला.

बघायला सुरुवात वाईरकरांपासून कर. अनंत पैंनी १९६७मध्ये अमर चित्र कथा सुरू केली तेव्हा पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा ‘कृष्ण’, तो वाईरकरांनी काढला. तो अंक आणि टिंकलमधलं सुपंडीचं एखादं पान शेजारी-शेजारी ठेव. एकीकडे कॅलेंडरातल्या देवाच्या जवळ जाणारी गोलाई, दागिने, वस्त्रांच्या चुण्या. दुसरीकडे लांबोळ्या डोक्याचा, काटकुळा नोकर, मोजक्या रेघांत उभा. दोन्ही एकाच हाताची आहेत हे न सांगता ओळखता येतं का, ते बघ. मी सांगितलं तर मजा जाईल. पुढे सुपंडी त्यांच्या कन्येच्या, अर्चना आंबेरकरांच्या हाती आला. तिथे रेघ कुठे सारखी राहिली आणि कुठे वेगळी झाली, एवढ्यावरही एक लेख होईल.

हळब्यांसाठी तुला गृहपाठ देतो. शंभू हा घाबरट शिकारी, आणि त्याची टोपी डोळ्यांवर असते. म्हणजे घाबरलेला माणूस काढायचा आणि डोळे काढायचे नाहीत. बसून काढून बघ. भुवया नाहीत, बुबुळं नाहीत. मग भीती गुडघ्यांत आणावी लागते, बंदूक धरलेल्या बोटांत, वळलेल्या मानेत. ते जमेना झालं की हळब्यांबद्दल काय लिहायचं ते आपोआप सुचेल, आणि ‘अफाट’ हा शब्द लागणार नाही.

मुळीकांची गंमत वेगळी. अमर चित्र कथेतली धोतरं-मुकुट काढणारा हा माणूस ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला ‘सुप्रीमो’ करून काढतो आणि मग नागराजकडे येतो. रसिकांना एका शैलीचा चित्रकार लक्षात ठेवायला सोपा जातो. जो मागेल ते नीट काढून देतो त्याला ‘कारागीर’ म्हणून बाजूला बसवतात. हा अन्याय मला जास्त खुपतो.

परदेशातला एकच माणूस घे, कार्ल बार्क्स. डोनाल्ड डकच्या अंकांवर नाव डिस्नेचं असे. १९४२ ते १९६६ हा गृहस्थ निनावी काढत राहिला. अंकल स्क्रूज त्यानेच १९४७मध्ये आणला. पण वाचक पोरं म्हणायला लागली की काही गोष्टींतली बदकं वेगळीच आहेत, ती काढणारा ‘चांगला चित्रकार’ कुणीतरी एकच आहे. नाव ठाऊक नव्हतं, हात ठाऊक होता. पुढे त्यातल्याच काहींनी पत्रं लिहून त्याला शोधून काढलं. त्याच्यावर अन्याय झालाय असा टाहो कुणी फोडला नव्हता. त्याची बदकं इतरांच्या बदकांतून निवडता येत होती, बस्स.

तुलाही निवडता यायला हवं. इंद्रजाल कॉमिक्सचे सुरुवातीचे अंक मिळाले तर विल्सन मकॉय आणि साय बॅरी या दोघांचे वेताळ, म्हणजे फँटम, समोरासमोर मांड. बॅरीचं सगळे कौतुक करतात, रास्तच आहे. मकॉयला मात्र ‘लाकडी’ म्हणून हसतात. मला विचारशील तर त्याची पानं सुमार कागदावर, फिसकटलेल्या रंगातसुद्धा लख्ख वाचता येतात. कोण कुठे उभा आहे याचा गोंधळ होत नाही. ट्रेसिंग पेपर टाकून दोघांचं एकेक पान गिरव. डोळ्याला पटायला वेळ लागतो, हाताला लगेच कळतं.

चांदोबा कॉमिक नव्हे, हे मान्य. तरी खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रमराजा ज्यांनी आपल्या डोक्यात कायमचा बसवला, त्या शंकर यांना, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांना, वगळू नकोस. २०२०मध्ये ते गेले.

आणि एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. कराडवरून पुसेसावळीमार्गे सोपं पडतं. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचं चित्ररामायण १९१६चं. त्यांना कॉमिकचे जनक वगैरे मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. फक्त एका चित्राकडून पुढच्या चित्राकडे गोष्ट कशी सरकते ते पाहा.

अक्षरं काढणाऱ्यांचा विषय तुझ्या यादीत नाहीच. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या संवादाच्या फुग्यात मराठी वाक्य बसवायचं म्हणजे वर वेलांट्या, खाली उकार, मध्ये शिरोरेघ. ओळी कमी मावतात, अक्षर बारीक होतं. तरीही वाचता आलं तर त्या माणसाचं नाव शोध. सापडलं नाही तर ‘अक्षरं कुणाची, छापलेलं नाही’ असं लिही. तेवढीही नोंद कुणी केलेली नसते.

व्यवहाराचं थोडं. लेखाबरोबर एखादी चौकट पुरे, चित्रकाराचं नाव तिच्याखालीच. अख्खं पान स्कॅन करून टाकू नकोस. कुणा चित्रकाराच्या घरी गेलीस तर मूळ चित्रं मागायच्या आधी कुठला कागद, कुठली निब, पानाला किती मिळायचे हे विचार. पैशाचा प्रश्न विचारायला लाजू नकोस, माणसं त्यावरच मोकळी होतात. रद्दीच्या दुकानातून जुने अंक आणशील ते खालच्या कपाटात ठेवू नकोस. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या हरभट रोडवर कृष्णेचं पाणी कुठवर होतं ते घरच्यांना विचार. अंक माळ्यावर, पुठ्ठा घालून.

पहिला लेख हळब्यांवरच कर. हजार शब्दांत आटप, आणि गृहपाठाचे कागद, बिघडलेले सगळेच, घेऊन रविवारी सकाळी ये. दुपारी मी मिरजेला जाणार आहे.

तुझे,
सर