वय ४२, शुगर आहे, लिंगाची ताठरता टिकत नाही. काय करू?

भाऊ, आधी हे बघा, पहाटे झोपेत ताठरता येते का? येत असेल तर रक्तपुरवठा बहुतेक ठीक आहे, टेन्शनचा भाग जास्त असेल. पण तीही बंद झाली असेल तर लाजत बसू नका, लिंगातल्या रक्तवाहिन्या जेमतेम १-२ मिमीच्या, हृदयाच्या ३-४ मिमीच्या, म्हणून शुगर, बीपी, सिगरेटने आधी त्याच चोंदतात आणि हृदयाचं दुखणं मागून दिसतं, तेव्हा शुगर-बीपीसोबत कोलेस्टेरॉलपण चेक कराच. आणि मेडिकलवाल्याला हळूच विचारून सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी, व्हायग्रातलं औषध) आणू नका प्लीज, छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल तर दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं, जीवावर बेतू शकतं. डॉक्टरकडे वहिनींनाही सोबत न्या.