आधी पॉवर सप्लायवरचं लेबल वाच

अरे, पीसीसाठी नवं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) घ्यायचं म्हणतोयस, तर कार्ड ठरवण्याआधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा, किती वॅटचा आहे ते बघ. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डच्या, स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात, बाकीची वीज वेगळ्या केबलने द्यावी लागते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड घेतलंस तर ते ११५ वॅट खातं आणि त्याला चांगला ५५० वॅटचा सप्लाय लागतो. बिननावाच्या स्वस्त सप्लायवर नवं कार्ड चढवू नकोस, कळकळीने सांगतोय.

मग एवढंच बघ:
- मॉनिटर १०८०पी (फुल एचडी), ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) असेल तर महागडं कार्ड वाया जातं.
- आतली जागा टेपने मोज. तीन पंख्यांची कार्डं बऱ्याचदा ३० सेंमीच्या आसपास असतात.

व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ८ जीबीपेक्षा कमी नको. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, ते नंतर. प्रोसेसर कोणता आहे आणि बजेट किती ते सांग, मिळून शोधू.