गणित घेऊन मास्तरच व्हायचं का?

प्रश्न: मी साताऱ्यात एसवाय बीएस्सीला आहे, मेन विषय मॅथ्स. पुढे अप्लाइड मॅथ्समध्ये एमएस्सी करायचंय पण घरचे म्हणतात गणितवाले शेवटी बीएड करून मास्तरच होतात, त्यापेक्षा आत्तापासून बँकेच्या परीक्षांना लाग. खरंच दुसरं काही नसतं का? - एक विद्यार्थिनी

उत्तर: असतं गं, भरपूर असतं. फक्त काम नेमकं काय ते आधी बघ. लोखंडी सळईचं एक टोक तापवलं तर उष्णता पुढे कशी जाते, ते हीट इक्वेशन तुला पेपरला येईलच, तिथे फुरिए सिरीज, म्हणजे साइन-कोसाइनची बेरीज, लावून सुटतं. कॉम्प्युटरवर करताना मात्र सळईचे बारीक तुकडे करायचे, वेळेचेही करायचे, आणि एकेक पायरी पुढे जायचं. आता सगळ्यात सोप्या पद्धतीत गंमत अशी की तुकड्याची लांबी निम्मी केलीस तर वेळेची पायरी चौपट लहान करावी लागते, नाहीतर तापमान वाट्टेल तसं वरखाली उडायला लागतं आणि उत्तराचा पार विचका होतो. हे का होतं ते ज्याला समजतं त्याची गरज असते! पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मान्सूनची मॉडेल्स चालवतात तिथेही वातावरणाचे असेच चौकोन पाडलेले असतात, गाड्यांच्या डिझाइनचं सिम्युलेशनही याच जातीचं काम.

प्रोबॅबिलिटी आवडत असेल तर इन्शुरन्समधलं ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशोब मांडून प्रीमियम किती ते ठरवायचं, काम बघ, त्याची एसेट ही प्रवेश परीक्षा बारावीनंतरही देता येते, पुढचे पेपर मात्र बरीच वर्षं चालतात, बरेचजण नोकरी करत करत देतात. बँकांमध्ये रिस्कचं काम असतं, डेटा सायन्स तर आहेच.

एमएस्सीसाठी टीवायला असतानाच जॅम ही प्रवेश परीक्षा दे, आयआयटींचे दरवाजे त्यातूनच उघडतात. दुसरीकडे घेतलंस तर कोर्सच्या नावावर जाऊ नकोस, सिलॅबस उघडून न्यूमेरिकल ॲनालिसिस, ऑप्टिमायझेशन, स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रॅमिंगचं लॅब आहे का बघ. लॅब नसेल तर माझं स्पष्ट मत, तिथे जाऊ नकोस. आणि या सुट्टीत ती सळई पायथॉनमध्ये करूनच बघ, वीसपंचवीस ओळींचं काम आहे, वेळेची पायरी मुद्दाम मोठी ठेवून काय होतं तेही बघ.

घरच्यांना एवढं सांग की बँक पीओला (प्रोबेशनरी ऑफिसर) कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि वयाची अट साधारण तिशीपर्यंत असते, म्हणजे एमएस्सी करूनही तो रस्ता बंद होत नाही.