आपल्याच तालमीवर लिहिताना

विकिपीडियावरच्या तुमच्या तालमीच्या लेखावर कुणीतरी हितसंबंधांचा साचा, म्हणजे 'लिहिणाऱ्याचं या विषयाशी जवळचं नातं दिसतं' अशी सूचनेची पट्टी, लावला आणि तू तो एका रात्रीत तीनदा काढून टाकलास. राग समजतो मला. आजोबा त्या लाल मातीत घडले, आणि कुणीतरी परका येऊन शंका घेतो! पण तो तुला खोटारडा म्हणत नाहीये रे. जवळच्या माणसाला स्वतःचा कल दिसत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

आधी तुझ्या सदस्य पानावर सरळ लिही, की या तालमीशी आमचं घरचं नातं आहे. मग लेखाला हात न लावता चर्चा पानावर बदल सुचव, सोबत छापील संदर्भ दे. वर्तमानपत्रातली बातमी, कोल्हापूरच्या कुस्तीवरचं पुस्तक चालेल. तालमीनेच काढलेली स्मरणिका एकटी पुरायची नाही. पैसे घेऊन कुणी लिहीत असेल तर ते कोण देतं हे जाहीर करणं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ पासून बंधनकारक आहे. तुझं तसं काही नाही, ठाऊक आहे.

आणि समोरच्याचं खरं नाव, नोकरी शोधून चर्चेत टाकू नकोस. कधीच नाही. मी नवा असताना एकाला 'तू त्या साखर कारखान्याचा माणूस' असं सगळ्यांसमोर म्हणालो. तो नव्हता. त्याने लिहिणंच सोडलं, ते मला अजून लागतं.

तो साचा आजच परत लाव. उत्तर येईपर्यंत रंकाळ्यावर लिही, पंचगंगेच्या घाटावर लिही.