मिनी-१४ रायफल सतत जॅम होतेय? आधी मॅगझिन दाखवा

रूगर मिनी-१४ बद्दलचे प्रश्न या वेळी एकत्रच घेतोय, कारण अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून सारखं तेच येतंय. "दादा, रायफल दर चार राऊंडला (गोळ्यांना) अडकते, विकून टाकू का?" मग मी विचारतो मॅगझिन (रायफलला खालून लागणारा गोळ्यांचा डबा) कुठलं, तर म्हणे ऑनलाइन सेल होता, तीनचा पॅक घेतला. मी टेक्सासमध्ये गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करायचं काम करतो आणि माझ्या टेबलावर "खराब" म्हणून येणाऱ्या मिनी-१४ पैकी बऱ्याच रायफली ठणठणीत असतात, दुखणं मॅगझिनचं असतं. कायद्याचे प्रश्नही बरेच आलेत, त्यावर जेवढं पक्कं माहितीय तेवढं सांगतो, बाकी वकिलाला विचारा, मी वकील नाही.

कंपनीचं मॅगझिन महाग पडतं. दुसऱ्या कंपनीचं चांगलं कुठलं ते सांगा ना. (ऑस्टिन)

आधी कंपनीचं एक तरी घ्या. दुसरं काही घ्यायचं असेल तर ते पारखायला हातात एक नमुना लागतो, तो नसेल तर कशाशी ताडून बघणार?

मिनी-१४ च्या बाबतीतच हा घोळ एवढा का, तर त्याला इतिहास आहे. रायफल सत्तरच्या दशकातली. कंपनीचे मालक बिल रूगर यांचं मत होतं की मोठी मॅगझिनं सामान्य ग्राहकाला विकू नयेत, १९८९ मध्ये तर त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) सदस्यांना पत्र लिहून १५ राऊंडची मर्यादा घाला असं सुचवलं होतं. त्यामुळे लोकांना दुकानात कंपनीचं मिळायचं ते ५ राऊंडचं. २० आणि ३० ची मागणी तर होती, मग ती भागवायला बाहेरच्या लोकांनी पत्रे वाकवून वाट्टेल तशी मॅगझिनं काढली. वर सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ देशभर १० राऊंडच्या वरची नवीन मॅगझिनं सामान्य माणसाला विकायला बंदी, म्हणजे जुना माल सोन्याच्या भावाने. २००२ मध्ये बिल रूगर गेले, बंदीही संपली, नंतर कंपनीने २० आणि ३० ची खुल्या बाजारात आणली. आता मिळतायत तर घ्या की! पण लोकांच्या डोक्यात अजून तेच, की मिनी-१४ ची मोठी मॅगझिनं म्हणजे बाहेरचीच घ्यावी लागतात.

आता जाहिरातीतल्या चलाख्या. "फॅक्टरी न्यू" लिहिलेलं असतं, कुठल्या फॅक्टरीतलं ते लिहिलेलं नसतं. "मिल-स्पेक" (म्हणजे लष्करी दर्जाचं) हा शब्द तर बघितला की मी पुढे वाचतच नाही. "लाइफटाइम वॉरंटी" म्हणजे अडकणारं मॅगझिन परत पाठवा, ते तुम्हाला दुसरं अडकणारं देतील, टपालखर्च तुमचा. सेकंडहँडच्या फोटोत कंपनीचा शिक्का दिसत नसेल तर विक्रेत्याला फोटो मागा, टाळाटाळ केली तर सोडून द्या.

बाहेरचं सगळंच टाकाऊ असं मी म्हणत नाही, काही चालतात, वर्षानुवर्षं चालवणारे लोक मला माहितीयत. पण त्याच कंपनीचं, त्याच पॅकमधलं एक चालतं आणि दुसरं नाही, अडचण ती आहे, म्हणून मी नाव घेऊन शिफारस करत नाही. दोन स्वस्तातली घेण्याच्या पैशात एक कंपनीचं येतं, हिशोब तुम्हीच करा.

एआर-१५ रायफलची मॅगझिनं भावाकडे पडून आहेत. काडतूस तर एकच आहे ना, बसतील? (डॅलस)

नाही. ठोकून बसवायचा प्रयत्नही करू नका.

मॅगझिन लावलं की क्लिक होतं, पण पहिलीच गोळी वर येत नाही, बोल्ट (मागेपुढे सरकून गोळी आत ढकलणारा भाग) तिच्यावरून सरकून रिकाम्या चेंबरवर (बॅरलच्या मागे गोळी बसते त्या जागेवर) बंद होतो. (सॅन अँटोनियो)

पहिलं म्हणजे तुम्ही ते लावता कसं? एआरची सवय असेल तर सरळ वर दाबत असाल. मिनी-१४ मध्ये आधी मॅगझिनची पुढची बाजू आत अडकवायची आणि मग मागची बाजू वर फिरवून घ्यायची, तेव्हा मागचा लॅच धरतो. लावल्यावर खाली ओढून बघायचं, हलतं का.

हे नीट करूनही तेच होत असेल तर रायफल रिकामी करा, मॅगझिन रिकामं करून काढा आणि उजेडात धरा. पुढच्या बाजूला एक भोक दिसेल, रायफलमधली पिन त्यात बसते. कंपनीच्या मॅगझिनमध्ये त्या भोकाची कड गोल, स्वच्छ असते. स्वस्तातल्यात पत्रा पातळ आणि मऊ, थोड्या वापरात ते भोक अंडाकृती होतं, कडेला चकचकीत ओरखडे दिसतात, नखाने चाचपलं तरी कळतं. भोक लांबलं की मॅगझिन आतमध्ये केसभर खाली लोंबतं आणि केसभर खाली म्हणजे बोल्टला गोळीचा मागचा काठ पुरेसा सापडत नाही. बस्स, एवढंच कारण. मॅगझिनमधली, गोळ्या वर ढकलणारी स्प्रिंग ढिली असली तरी हेच लक्षण दिसतं, गोळी वेळेत वर पोचत नाही.

आणि एकदम दोन गोळ्या वर येऊन अडकत असतील तर मग वरच्या वळलेल्या कडा, ज्यांनी गोळी धरून ठेवलेली असते, त्या फाकल्यात का बघा, कॅलिपरने कंपनीच्या मॅगझिनशी ताडून बघा. पक्कडीने वाकवून "सरळ" करू नका, असली सरळ केलेली मॅगझिनं माझ्याकडे खोकाभर आहेत. टाकून द्या, किंवा आधी गनस्मिथला दाखवा आणि मग टाकून द्या.

नवीन मॅगझिन शूटिंग रेंजवर न्यायच्या आधी घरीच गोळ्या भरून, बोल्ट हाताने मागेपुढे करून तपासतो. व्हिडिओत दाखवतात तसं. बरोबर आहे ना? (ह्यूस्टन)

नाही. नाही. आणि जरा सविस्तर सांगतो कारण हाच प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, आणि दर महिन्याला कुणीतरी दुकानात अगदी अभिमानाने सांगतं की मी घरी चेक करून आणलंय.

मिनी-१४ चा बोल्ट जुन्या एम-१ गारंड या अमेरिकी लष्करी रायफलच्या घराण्यातला, फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. बोल्ट जोरात बंद झाला की पिन आपल्याच वेगाने पुढे जाऊन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरला (ज्यावर आघात झाला की गोळी सुटते) टोचते. विश्वास बसत नसेल तर रेंजवर एक राऊंड चेंबर करून न उडवता बाहेर काढा आणि प्रायमर बघा, मधोमध बारीकसा खळगा असतो. चांगल्या काडतुसात तेवढ्याने काही होत नाही. पण प्रायमर नाजूक असला, किंवा घरी भरलेल्या काडतुसात वर राहिलेला असला, तर ट्रिगरला बोटही न लावता गोळी सुटू शकते. रेंजवर ती मातीच्या बांधात जाईल. तुमच्या बेडरूममधून ती कुठे जाईल? इथली घरं लाकडाची आणि जिप्सम बोर्डाची, मिनी-१४ ची .२२३ ची गोळी भिंतीला विचारत नाही, पलीकडे मुलांची खोली आहे का शेजाऱ्यांची हेही विचारत नाही. त्यात तुम्ही तेच काडतूस पाचपाचदा आत-बाहेर करता, म्हणजे प्रायमर पुन्हापुन्हा टोचला जातो आणि काडतुसाच्या टोकाची गोळीही त्याच्या पितळी नळीत दबून आत सरकू शकते, तसं झालं तर उडवताना दाब वाढतो.

आणि एवढं करून मिळतं काय, तर काहीच नाही! हाताने सावकाश ओढलेला बोल्ट आणि गॅसच्या दाबाने मागे फेकला गेलेला बोल्ट यांचा वेग कुठे, ताकद कुठे. घरी शंभर वेळा पास झालेलं मॅगझिन रेंजवर तिसऱ्या राऊंडला अडकतं आणि घरी अडकलेलं तिथे कधीकधी मस्त चालतं.

दुसरं, मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं धरून चालणारे लोक. मिनी-१४ मॅगझिन नसतानाही फायर होते. चेंबरमधली गोळी चेंबरमध्येच असते, ती काढायला बोल्ट मागे ओढून आत डोळ्यांनी बघावं लागतं, बोट घालून चाचपावं लागतं. व्हिडिओ करणाऱ्याला लाइक पाहिजेत, तो हे सांगायला थांबत नाही.

घरी काही करायचंच असेल तर डमी काडतुसं वापरा, दुकानात स्नॅप कॅप म्हणून मिळतात, रंगाने वेगळी ओळखू येतात, आणि खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत कुलपात. मॅगझिन लागतं-निघतं का, शेवटची गोळी गेल्यावर बोल्ट उघडा राहतो का, एवढं त्यातून कळतं. खरी परीक्षा रेंजवर. प्रत्येक मॅगझिनवर पेंट मार्करने नंबर घाला, प्रत्येक तीन-चार वेळा पूर्ण भरून चालवा, अडकलं की नंबर लिहून ठेवा. सगळे जॅम एकाच नंबरचे निघाले तर रायफलचा दोष नाही. सगळ्याच नंबरांना होत असेल तर मात्र रायफल गनस्मिथकडे न्या, स्वतः खोलत बसू नका. रेंज ऑफिसरला आधी सांगा की मॅगझिन तपासतोय, तो शेजारी उभा राहील.

मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का?

चांगली स्प्रिंग नुसतं भरून ठेवल्याने मरत नाही, भरण्या-रिकामं करण्याने झिजते. पण मुलं असलेल्या घरात भरलेलं मॅगझिन कपाटात ठेवायचं कशाला, ते आधी सांगा.

मित्राची मिनी-१४ .३०० ब्लॅकआउटमध्ये आहे. आम्ही रेंजवर मॅगझिनं एकमेकांत वापरतो. चालेल? (फिनिक्स)

हे ताबडतोब बंद करा. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ ची पितळी नळी कापूनच बनलंय, मागचा भाग तोच, म्हणून .२२३ च्या मॅगझिनमध्ये ते आरामात बसतं आणि काही गोळ्यांच्या बाबतीत .२२३ च्या चेंबरमध्येही जाऊन बोल्ट बंद होतो. पुढे गोळी .३० ची आणि बॅरल .२२ चं. रायफल फुटते, तीही तुमच्या गालाजवळ. एकाच बेंचवर ही दोन काडतुसं ठेवायचीच नाहीत, मॅगझिनं वेगळ्या रंगाची, वेगळ्या पिशवीत. आणि ज्याला हे पाळणं कटकटीचं वाटतं त्याने दोन्हींपैकी एक रायफल घरी ठेवून यावी.

मी एच-१बी वर आहे. ऑफिसमधले मित्र रेंजवर नेतात, मीही दोन मॅगझिनं घेऊन ठेवलीत. मॅगझिन म्हणजे काही बंदूक नाही, मग अडचण नाही ना? (प्लेनो)

मॅगझिन फेडरल कायद्यात फायरआर्म नाही हे खरं, पण तुम्ही ती घेऊन नुसते पार्किंगमध्ये तर उभे राहत नसाल. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे, यात एच-१बी आला, एफ-१ ही आला. भाड्याची बंदूक, मित्राची बंदूक, "पाचच मिनिटं हातात घेतली", सगळं त्यात येऊ शकतं, आणि माहीत असून ती हातात देणारा मित्रही अडकतो. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ते काढून आपले कितीतरी लोक रीतसर शूटिंग करतात. पण "सगळे जातात, कोण विचारतंय" हे मला ऐकवू नका, यात शिक्षा झाली तर जेलच नाही, डिपोर्टेशनची टांगती तलवार असते आणि इतकी वर्षं रांगेत काढलेलं ग्रीन कार्ड गेलं. रेंजवर पाऊल टाकायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

टेक्सासहून न्यू जर्सीला बदली झालीय. २० ची चार मॅगझिनं आहेत, खोक्यात सामानाबरोबर पाठवू का? (एडिसनला जाणारे)

अजिबात नको. न्यू जर्सीत मर्यादा १० ची आहे, २०१८ च्या कायद्याने १५ वरून खाली आणली, आणि त्याहून मोठं नुसतं जवळ असणं हाच गुन्हा. जायच्या आधी टेक्सासातच विकून टाका. रायफलचंही बघा, फोल्डिंग स्टॉकवाली काही मिनी-१४ मॉडेल्स तिथल्या बंदीच्या यादीत नावानिशी आहेत. न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, कनेटिकट, सगळीकडे १० च्याच आसपास पण बारकावे वेगळे, कोलोरॅडोत १५. कोर्टात केसेस चालू असतात, निकाल येतात, स्थगिती येते, त्यामुळे ट्रक निघायच्या आठवड्यात तिथल्या वकिलाला फोन करा, आठवडाभर नंतर नाही. हेच मोठं मॅगझिन आत काहीतरी घालून १० चं करता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. ५ चं नवीन विकत घ्या, विषय संपला.

मामा टेक्सासला असतात, दिवाळीला येताना माझ्या .२२ रायफलसाठी मॅगझिन बॅगेत टाकून आणणार आहेत. (पुणे)

मामांना आजच फोन करून नाही म्हणा. मॅगझिन हा हत्याराचा भाग आहे, तिकडून बाहेर न्यायला एक्स्पोर्टचे नियम आहेत आणि भारतात आणायला परवाना लागतो. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसापायी लोकांवर विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हे दाखल होतात, तुम्ही तर ठरवून आणवताय. तुमच्या लायसन्सवरच्या हत्यारासाठी लायसन्सवाल्या डीलरकडे जा, शंका असेल तर पोलीस आयुक्तालयातल्या परवाना शाखेत विचारा. स्पर्धेसाठी हवं असेल तर तुमच्या रायफल असोसिएशनमार्फत रीतसर मार्ग आहे. तसंही कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं त्यात एकेक गोळी हातानेच भरायची असते, मॅगझिन लागतच नाही.

मॅगझिनचा फोटो पाठवला तर सांगाल का चांगलं आहे की नाही?

फोटोत केसभराचा फरक दिसत नाही. जवळच्या गनस्मिथकडे घेऊन जा. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, केसमध्ये. दारात शिरायच्या आधी दुकानात विचारा कुठे ठेवू. काडतुसं गाडीत कुलपात. आणि सगळी मॅगझिनं न्या, ज्याच्यावर संशय आहे तेवढंच नाही.