देवाशी अबोला

"मी सगळं देवाला विचारून केलं होतं, मग असं का झालं?" हा प्रश्न शब्द बदलून माझ्यासमोर येतच राहतो. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाचा धंदा बसलेला, कुणाची परीक्षा हुकलेली. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, ओळख पुसून.

पस्तिशीतली बाई. सहा वर्षं पैसे साठवून उच्च शिक्षणाला प्रवेश मिळवला आणि ऐन निघायच्या वेळी वडिलांना पक्षाघात झाला. पहिल्याच भेटीत म्हणाली, "सगळे सांगतात, देव करतो ते भल्यासाठीच." हे वाक्य जवळच्यांनी जरा जपून वापरावं. जखम ताजी असताना त्यानं धीर येत नाही, नुसतं तोंड बंद होतं.

घाई मीही केली. "तुमचा भरवसा देवावर होता की तुमच्या बेतावर?" असं तिसऱ्या भेटीत विचारून बसले. प्रश्न बरोबर होता, वेळ चुकली. पुढच्या भेटीला ती आलीच नाही.

महिन्याभरानं आली तेव्हा एवढंच विचारलं, "प्रार्थना?"

"बंद आहे. बोलायला गेले तर रागच निघेल. ते पाप ना?"

"म्हणजे अबोला धरलाय."

"तसंच म्हणा."

"परक्याशी कुणी अबोला धरतं का हो?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग रडली, वडील आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. मी एक शब्द वाढवला नाही. एवढं तरी इतक्या वर्षांत शिकले आहे.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी १९८८ मध्ये, अडचणीत माणूस देवाशी कसा वागतो याच्या तीन तऱ्हा मांडल्या: सगळं स्वतः करणं, सगळं देवावर सोडणं आणि दोघांनी मिळून करणं. हिनं आधी सगळं स्वतः ठरवून देवाला फक्त सहीपुरतं बोलावलं होतं. बेत मोडल्यावर "त्याच्या मनात असेल तर होईल" म्हणून हातपाय गाळले. प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का, असं विचारणारं साधं पत्रही लिहिलं नव्हतं. मी याला श्रद्धा म्हणत नाही, हा थकवा असतो. भरवसा असलेला माणूस पत्र लिहितो, फक्त उत्तर काय यावं याचा हट्ट थोडा सैल सोडतो. पण त्याआधी मनातला राग देवासमोर ओतावा लागतो, जसा आहे तसा.

गेल्या आठवड्यात आली. पत्र गेलंय, उत्तर नाही.

"आणि तो अबोला?"

"काल सुटला, मॅडम. चांगली तासभर भांडले."