मंगळावर हवा विरळ, तरी वाळू कशी सरकते? (उत्तर)

तुम्ही विचारलंय की मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्काही नाही, मग तिथल्या वाळूच्या टेकड्या सरकतात कशा?

शंका रास्त आहे. वाऱ्याचा रेटा हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. मंगळावर घनता आपल्या साधारण साठाव्या हिश्शाएवढी, म्हणजे तेवढ्याच रेट्याला वारा जवळजवळ आठपट वेगाचा हवा. गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच असल्याने थोडी सूट मिळते, पण ती पुरत नाही. म्हणूनच त्या टेकड्या कधीकाळच्या, आता थिजलेल्या असाव्यात असं बऱ्याच जणांना वाटायचं. मग मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने काही वर्षांच्या अंतराने त्याच जागांचे फोटो काढले, आणि टेकड्या चक्क पुढे गेलेल्या दिसल्या.

गोम अशी की एकदा वाळू उडायला लागली की बहुतेक कणांना वारा नव्हे, दुसरा कण उडवतो. कण उडी घेतो, वाऱ्यावर वेग पकडतो, खाली आपटतो आणि कॅरमच्या स्ट्रायकरसारखा बाकीच्यांना उधळतो. वाळवंटातल्या वाळूचा अभ्यास करणारे ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅगनोल्ड यांनी १९४१ मध्येच हे नीट मांडलं होतं. (२०१५ च्या अखेरीस नासाची क्युरिऑसिटी ही मंगळावरची गाडी गेल विवरातल्या ज्या टेकड्यांपाशी पोचली, त्यांना बॅगनोल्ड यांचंच नाव आहे. मला हे फार आवडतं.) मंगळावर ही उडी कितीतरी उंच आणि लांब जाते, त्यामुळे आपटणंही जोरदार. सुरुवात करायला सोसाट्याचा झोत लागतो, पण पुढे त्याच्या साधारण दहाव्या भागाच्या वेगावरही वाळू उडत राहू शकते. फक्त सुरुवातीच्या वेगाचा हिशोब केला तर हा दुसरा आकडा राहून जातो.

शनीच्या टायटन या चंद्रावर नेमकं उलट: हवा आपल्या चौपट दाट, गुरुत्व एक सप्तमांश. तिथे मंद वाराही पुरतो.

हे इथे मुंबईतच बघता येतं. मे महिन्यात दुपारी वारा चढला की आक्साच्या किनाऱ्यावर जा, भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. ओली वाळू पाण्याने चिकटून बसते, ती हलणार नाही. लाकडी पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ती वाऱ्याकडे तोंड करून उभी रोवा. अर्ध्या तासाने तळाशी कणांचा जाड थर दिसेल, वर जाल तसा विरळ. घोट्यांना टोचतं ते का, तेही कळेल. पाण्यात मात्र उतरू नका, आक्साचा समुद्र दगा देतो.